सोन्याच्या खाणी, पडता भाव आणि ऑप्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात सोन्याची खाण नाही. मग इथल्या वाचकाने हे का वाचावं?

कारण खाण, लीज आणि निर्यातीचा भाव हे विषय डिचोली, सत्तरी, सांगे, केपे इथल्या घरांना परके नाहीत. खाणकंपनीच्या हिशेबखात्यात काम करणारे, सीएचा अभ्यास करणारे आणि खाणींचे शेअर बाळगणारे लोक इथे पुष्कळ आहेत. भाव पडण्याविरुद्ध तजवीज करण्याची साधनं सोन्याच्या बाजारात जितकी पुढे गेली आहेत तितकी लोहखनिजात नाहीत, म्हणून ती शिकायची तर सोन्यावरून शिकावी.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. खाण एका आदेशाने थांबू शकते, हे गोव्याने दोनदा पाहिलं आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवलं आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. पुढे फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लीजची नूतनीकरणं रद्द झाली आणि मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा थांबल्या. भावाचं हेजिंग, म्हणजे भाव पडण्याविरुद्धची ही तजवीज, करताना "माल निघालाच नाही तर?" हा प्रश्न आधी विचारायचा असतो. पुस्तकी मांडणीत तो शेवटी येतो. इथे आम्ही तो पुढे घेतला आहे.

सोन्याच्या खाणीला भावाचा धोका नेमका कुठे असतो?

खर्च आणि विक्री यांच्यामधल्या अंतरात. डिझेल, वीज, सायनाइड, मजुरी, यंत्रांची दुरुस्ती हा खर्च भाव पडला म्हणून कमी होत नाही. विक्रीचा भाव मात्र लंडन आणि न्यूयॉर्क ठरवतात. २०११ च्या सप्टेंबरात औंसाला १,९०० डॉलरच्या आसपास गेलेलं सोनं डिसेंबर २०१५ मध्ये १,०५० च्या जवळ आलं होतं. एप्रिल २०१३ मध्ये तर बाजाराच्या लागोपाठच्या दोन दिवसांत सुमारे २०० डॉलर गेले.

खर्च मोजायला खाणकंपन्या 'ऑल-इन सस्टेनिंग कॉस्ट' हा आकडा वापरतात. वर्ल्ड गोल्ड कौन्सिलने त्याची व्याख्या जून २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात खोदाई आणि प्रक्रियेच्या खर्चाबरोबर खाण चालू ठेवण्यासाठी लागणारा भांडवली खर्च आणि कार्यालयीन खर्चही येतो. कर्जाचं व्याज आणि हप्ते त्यात येत नाहीत. हेजिंगची पातळी ठरवताना ते वेगळे मिळवावे लागतात आणि नवखा माणूस नेमका तिथेच चुकतो.

पुट आणि कॉल म्हणजे काय, थोडक्यात सांगाल?

हे ऑप्शनचे, म्हणजे विकत घेता येणाऱ्या हक्काचे, दोन प्रकार. पुट घेणाऱ्याला ठरलेल्या भावाने विकण्याचा हक्क मिळतो. कॉल घेणाऱ्याला ठरलेल्या भावाने विकत घेण्याचा हक्क मिळतो. ठरलेला भाव म्हणजे स्ट्राइक, हक्कासाठी आधी मोजलेली रक्कम म्हणजे प्रीमियम. हक्क घेणाऱ्याकडे असतो, बांधिलकी विकणाऱ्याकडे. खाण माल विकणारी असल्यामुळे ती पुट घेते, आणि कधीकधी कॉल विकते. पुढचे सगळे प्रकार या दोन क्रियांच्या जोडण्या आहेत.

आकड्यांत दाखवा. पुट घेतला तर काय होतं?

एक खाण कल्पू. वर्षाला १,२०,००० औंस, म्हणजे महिन्याला १०,०००. औंस म्हणजे ट्रॉय औंस, ३१.१०३५ ग्रॅम. टनामागे ३ ग्रॅम सोनं आणि ९० टक्के उतारा धरला तर एवढ्यासाठी वर्षाला साधारण १३.८ लाख टन दगड दळावा लागतो. सर्व मिळून खर्च औंसाला १,४५० डॉलर, कर्जाचे हप्ते धरून १,७५०.

हिशेब सोपा जावा म्हणून आजचा भाव २,००० डॉलर, व्याज ४ टक्के आणि वार्षिक व्होलॅटिलिटी, म्हणजे भावाच्या चढउताराची तीव्रता, १५ टक्के धरली आहे. भाव दुप्पट असेल तर खालचे स्ट्राइक आणि प्रीमियमही दुप्पट करा, बाकी गणित तेच राहतं.

कंपनी निम्म्या मालासाठी, दरमहा ५,००० औंसांसाठी, १,९०० स्ट्राइकचे पुट घेते. ऑप्शनची किंमत काढण्याच्या ब्लॅक-७६ या नेहमीच्या सूत्राने प्रीमियम असे येतात: ३ महिन्यांच्या मुदतीला औंसामागे सुमारे १७ डॉलर, ६ महिन्यांना ३१, १२ महिन्यांना ४८. बारा महिन्यांची सरासरी ३० डॉलरच्या जवळपास पडते. म्हणजे ६०,००० औंसांना साधारण १८ लाख डॉलर. वर्षाची एकूण विक्री २४ कोटी डॉलरची. तिच्या पाऊण टक्का खर्चून निम्म्या मालाला १,९०० चा तळ मिळाला.

सरासरीचा हा आकडा फसवाही आहे. पहिल्या दोन-तीन महिन्यांचे पुट स्वस्त असतात म्हणून ती खाली दिसते. कर्जाचा मोठा हप्ता वर्षाच्या शेवटी असेल तर खरा भाव ४८ डॉलरचा समजावा.

फॉरवर्ड विकला की प्रीमियमच लागत नाही. मग पुट घ्यायचा कशाला?

फॉरवर्ड म्हणजे पुढच्या तारखेला ठरलेल्या भावाने विकण्याचा बांधील करार. वरच्या उदाहरणात वर्षभराचा फॉरवर्ड २,०८० ला मिळेल. आजच्या भावापेक्षा ८० डॉलर जास्त आणि खिशातून काही जात नाही. १९९० च्या दशकात खाणकंपन्या मोठ्या प्रमाणावर फॉरवर्ड विकत होत्या त्यामागे हेच आकर्षण होतं.

आता खाण बंद पडली असं धरा. न्यायालयाचा आदेश, पूर, कोसळलेला उतार, दळणाच्या गिरणीचा तुटलेला गिअर, कारण काहीही असो. महिन्याचे ५,००० औंस निघाले नाहीत आणि भाव मात्र २,५०० झाला.

फॉरवर्ड विकणाऱ्याला औंसामागे ४२० डॉलर भरायचे आहेत, एकूण २१ लाख. हातात सोनं नाही, विक्री नाही, तरी देणं उभं. १,९०० चा पुट घेतलेल्याचे फक्त प्रीमियमचे २,४०,००० डॉलर गेले आणि तेही वर्षापूर्वीच भरून झाले होते. भाव उलट १,६०० झाला असता तर पुटवाल्याला खाण बंद असतानाही १५ लाख डॉलर मिळाले असते, कारण रोखीने मिटणाऱ्या ऑप्शनमध्ये सोनं आणून दाखवावं लागत नाही.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. ज्या खाणीच्या उत्पादनाची खात्री नाही, म्हणजे नवी खाण, एकाच खड्ड्यावर उभी असलेली खाण, परवान्याचा वाद चालू असलेली खाण, तिने फॉरवर्ड आणि विकलेले कॉल यांच्यापासून दूर राहावं आणि पुटचा प्रीमियम हा विम्याच्या हप्त्यासारखा खर्चात धरावा. अनेक खाणी, अनेक देश आणि तिजोरीत रोकड असलेल्या कंपनीला फॉरवर्ड परवडतो. पुटचा प्रीमियम महाग वाटतो तो प्रामुख्याने भावाचाच धोका मोजल्यामुळे. उत्पादनाचा धोका त्यात मिळवला की तो तितका महाग राहत नाही.

'बिनखर्चाचा कॉलर' खरंच बिनखर्चाचा असतो का?

प्रीमियमपुरता असतो. १,९०० चा पुट ४८ डॉलरला घ्यायचा आणि २,३०० चा कॉल साधारण ४७ ला विकायचा. एकाचे पैसे दुसऱ्याने भागले. भाव १,९०० आणि २,३०० यांच्यामध्ये राहिला तर बाजारभाव मिळतो, खाली गेला तर १,९०० मिळतात, वर गेला तर २,३०० वर कमाई थांबते.

किंमत दोन प्रकारे मोजावी लागते. एक, २,३०० च्या वरचा सगळा नफा सोडला. दोन, विकलेला कॉल ही बांधिलकी आहे. वरच्याच बंद खाणीत भाव २,५०० झाला तर कॉलर घेतलेल्या खाणीला औंसामागे २००, एकूण १० लाख डॉलर द्यावे लागतील. फॉरवर्डपेक्षा कमी, पण पुटसारखं नुसतं प्रीमियमवर भागत नाही.

थ्री-वे कॉलर बँका आग्रहाने सुचवतात. घ्यावा का?

त्यात वरच्या दोन सौद्यांना तिसरा जोडतात: १,७०० चा पुट विकायचा. त्याचे ११ डॉलर मिळतात, म्हणून कॉल कमी किमतीला, म्हणजे वरच्या स्ट्राइकला, विकला तरी हिशेब जुळतो. आपल्या आकड्यांत कॉल २,३०० वरून २,३५० ला सरकतो.

या सौद्यात मिळालं काय, तर वरच्या बाजूला ५० डॉलर. दिलं काय, तर १,७०० च्या खालचं सगळं संरक्षण. भाव १,५०० झाला तर हातात १,७०० येतील. या खाणीला हप्ते धरून १,७५० लागतात. म्हणजे जिथे पैशांची खरी गरज पडते तिथेच संरक्षण संपतं. कर्ज असलेल्या खाणीने हा प्रकार घेऊ नये असंच आम्ही सांगू.

मुदतीच्या दिवशी औंसामागे हाती काय येतं ते एकत्र पाहा (प्रीमियमवरचं व्याज सोडून):

| भाव | काहीच नाही | फॉरवर्ड | १,९०० चा पुट | कॉलर | थ्री-वे |
|---|---|---|---|---|---|
| १,६०० | १,६०० | २,०८० | १,८५२ | १,९०० | १,८०० |
| २,००० | २,००० | २,०८० | १,९५२ | २,००० | २,००० |
| २,५०० | २,५०० | २,०८० | २,४५२ | २,३०० | २,३५० |

तक्त्यात न दिसणारा स्तंभ म्हणजे खाण बंद असताना काय होतं तो. बँकेकडून येणाऱ्या सादरीकरणातही तो बहुधा नसतो. तो मागून घ्या.

प्रीमियम कधी स्वस्त असतो?

बाजार शांत असताना. व्होलॅटिलिटी १५ वरून २० टक्के झाली की वर्षाचा ४८ डॉलरचा तोच पुट ८१ डॉलरचा होतो, भाव जराही हलला नाही तरी. भाव कोसळायला लागल्यावर पुट विचारायला गेलेल्या कंपनीला दोन्हीकडून मार बसतो, स्ट्राइक जवळ आलेला असतो आणि व्होलॅटिलिटी चढलेली असते. म्हणून जाणत्या कंपन्या एकदम वर्षाचे पुट न घेता दर तिमाहीला थोडे थोडे घेत जातात. त्याने सरासरी भाव मिळतो आणि 'आता घेऊ की थांबू' हा वाद संचालक मंडळात दरवेळी होत नाही.

सूत्रातून आलेला आकडा आणि बँकेचा भाव यांत फरक पडणारच. प्रत्येक स्ट्राइकची व्होलॅटिलिटी वेगळी असते आणि बँकेचा नफा त्यातच लपलेला असतो. तो शोधण्याचा सोपा उपाय म्हणजे एकाच मिनिटाला तीन बँकांकडून भाव मागणं आणि कॉलरचा भाव मागताना पुट आणि कॉल यांचे प्रीमियम वेगवेगळे सांगायला लावणं. 'बिनखर्चाचा' म्हणून एकच आकडा पुढे आला की त्यात काय दडलंय ते कळत नाही.

किती माल हेज करावा?

आधी कोणते औंस मोजायचे ते ठरवा. भूगर्भशास्त्रज्ञाच्या अहवालातले औंस हे दगडातले असतात. त्यातले काही टाकाऊ गाळात जातात. खाणीतून निघते ती डोरे नावाची ओबडधोबड वीट. तिच्यात चांदी आणि इतर धातू मिसळलेले असतात. शुद्धीकरण कारखाना आपली वजावट करून जेवढ्या शुद्ध सोन्याचे पैसे देतो तेवढेच औंस विकले जातात आणि हेज तेवढ्यांचंच करायचं. वीट ओतल्यापासून पैसे मिळेपर्यंतचे दिवसही मोजा. मार्चमध्ये ओतलेलं सोनं एप्रिलच्या भावाने विकलं जाणार असेल तर पुट एप्रिलचा हवा.

मग टक्केवारी. खात्रीच्या उत्पादनाच्या पन्नास-साठ टक्क्यांवर बांधिलकीचे सौदे जाऊ देऊ नयेत. नुसत्या घेतलेल्या पुटना ही मर्यादा लागत नाही, कारण जास्त झाले तरी बुडतो तो प्रीमियम. ऑस्ट्रेलियातली सन्स ऑफ ग्वालिया ही कंपनी ऑगस्ट २००४ मध्ये प्रशासकांच्या ताब्यात गेली. पुढच्या काळासाठी विकून ठेवलेलं सोनं पुरवण्याइतका साठा तिच्या खाणींत उरला नव्हता, हे त्यामागचं मोठं कारण होतं. साठ्याचा अंदाज घटला की हेजचं प्रमाण आपोआप वाढतं. म्हणून नवा साठा-अहवाल आला की हेजचा तक्ता त्याच आठवड्यात पुन्हा मांडला पाहिजे.

सौदे कुठे होतात?

दोन ठिकाणी. न्यूयॉर्कच्या कॉमेक्स या एक्स्चेंजवर एक करार १०० औंसांचा असतो, म्हणजे ५,००० औंसांना ५० करार. ४८ डॉलर प्रीमियम म्हणजे करारामागे ४,८०० डॉलर. भाव सगळ्यांना दिसतो आणि समोरची बाजू बुडण्याची भीती क्लिअरिंगमुळे, म्हणजे मध्ये हमी देणारी संस्था असल्यामुळे, कमी असते. पण मुदतीच्या तारखा एक्स्चेंजच्या, तुमच्या नव्हेत.

खाणी बहुतेक वेळा बँकांशी थेट, म्हणजे ओटीसी, सौदे करतात. त्यासाठी इस्डा करार, म्हणजे अशा सौद्यांचा ठरावीक नमुन्याचा करार, लागतो. इथे मुदत, प्रमाण, मिटवण्याची पद्धत हवी तशी ठरवता येते. खाणीला सोयीचा प्रकार म्हणजे सरासरी भावावर मिटणारा ऑप्शन, ज्याला एशियन ऑप्शन म्हणतात. खाण महिनाभर थोडं थोडं सोनं विकते, म्हणून पुटही त्या महिन्यातल्या एलबीएमएच्या, म्हणजे लंडनच्या सराफा संघटनेच्या, दुपारच्या भावांच्या सरासरीवर मिटवतात. एका दिवसाच्या उसळीने हिशेब बिघडत नाही आणि प्रीमियमही किंचित कमी पडतो. एलबीएमएचा हा भाव मार्च २०१५ पासून इलेक्ट्रॉनिक लिलावातून ठरतो. लंडनच्या घड्याळात सकाळी साडेदहा आणि दुपारी तीन या त्याच्या वेळा आहेत.

सौदा करण्याची पद्धत काय? पायऱ्या सांगा.

पहिलं काम धोरणाचं. संचालक मंडळाने लेखी ठरवायचं: कोणती साधनं चालतील, जास्तीत जास्त किती टक्के, किती महिने पुढे, कोणाला सही करता येईल. कॉल विकायला परवानगी असेल तर हेही लिहायचं की विकलेल्या कॉलचे औंस घेतलेल्या पुटच्या औंसांपेक्षा कधीही जास्त असणार नाहीत. हे एक वाक्य धोरणात नसल्यामुळे मोठी नुकसानं झाली आहेत.

मग बँकांशी करार. इस्डाच्या तारण-जोडपत्रात मार्जिनची मर्यादा, म्हणजे किती तोट्यानंतर बँकेला तारण म्हणून रोकड द्यायची तो आकडा, शून्य ठेवायची की मोठी, यावर कंपनीने वकिलासह नेटाने भांडावं, कारण पुढची सगळी रोकड त्या एका आकड्यावर अवलंबून असते. प्रकल्पाला कर्ज देणारी बँकच हेज देत असेल तर खाणीवरचं तारण दोन्हींसाठी चालतं आणि मार्जिन टाळता येतं.

सौद्याच्या दिवशी फोन ध्वनिमुद्रित, तीन भाव, त्याच दिवशी लेखी पुष्टी. सौदा करणारा आणि पुष्टी तपासणारा माणूस वेगवेगळा असलाच पाहिजे. पुष्टीत स्ट्राइक, औंस, सरासरीचे दिवस, पैसे देण्याची तारीख हे चार रकाने एकेक करून जुळवायचे. 'औंस' च्या जागी 'करार' छापलं गेलं तर प्रमाण शंभरपट होतं, आणि ही चूक पहिल्या दिवशी सापडली तरच विनाखर्च सुधारते.

मार्जिन कॉलने कंपन्या बुडतात असं ऐकलं आहे. कसं?

घानातल्या ओबुआसी खाणीची मालक अशांती गोल्डफील्ड्स हे याचं ठळक उदाहरण. २६ सप्टेंबर १९९९ ला युरोपातल्या १५ मध्यवर्ती बँकांनी जाहीर केलं की पुढची पाच वर्षं त्या वर्षाला ४०० टनांपेक्षा जास्त सोनं विकणार नाहीत. वॉशिंग्टन करार म्हणतात तो हाच. २६५ डॉलरच्या आसपास रेंगाळणारा भाव ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ३२० च्या वर गेला.

भाव वाढला तर सोन्याच्या खाणीने आनंदित व्हायला हवं. पण अशांतीने फॉरवर्डबरोबर भरपूर कॉलही विकले होते. भाव वाढताच त्यांचं मूल्य उणे झालं आणि बँकांनी सुमारे २७ कोटी डॉलरचं मार्जिन मागितलं. सोनं जमिनीखाली होतं, ते पुढच्या कित्येक वर्षांत निघणार होतं. मार्जिन मात्र त्याच आठवड्यात रोख हवं होतं. शेवटी बँकांनी काही काळ मार्जिन न मागण्याचं मान्य केलं, बदल्यात कंपनीचे शेअर मिळतील अशी वॉरंट घेतली. २००४ मध्ये अशांती अँग्लोगोल्डमध्ये विलीन झाली. कॅनडातली कँबियोर हीसुद्धा त्याच आठवड्यांत अशीच अडचणीत आली होती.

पूर्ण प्रीमियम भरून घेतलेल्या पुटवर मार्जिन कॉल येत नाही. मार्जिन लागतं ते विकलेल्या ऑप्शनवर आणि फॉरवर्डवर. घेतलेल्या पुटमध्ये उलटा धोका असतो तो समोरची बँक बुडण्याचा, म्हणून पुटही दोन-तीन बँकांत वाटून घ्यावेत.

मग मोठ्या कंपन्या हेज करतच नाहीत असं का म्हणतात?

त्यांच्या भागधारकांना सोन्याच्या भावावरच पैसे लावायचे असतात. भाव चढत असताना आपली कंपनी जुन्या भावाने माल देते आहे, हे त्यांना खपत नाही. बॅरिकने सप्टेंबर २००९ मध्ये हेज मोडण्याचा निर्णय जाहीर केला, त्यासाठी नवे शेअर विकून पैसे उभे केले आणि ५.६ अब्ज डॉलरचा बोजा त्या तिमाहीच्या हिशेबात दाखवला. अँग्लोगोल्ड अशांतीने २०१० मध्ये आपलं हेज संपवलं.

लहान खाणींना हे स्वातंत्र्य नसतं. कर्ज देणारी बँक पहिल्या काही वर्षांच्या मालासाठी तळ बांधून मागतेच. तिथे वाद घालायचा तो 'हेज नको' असा नको. 'फॉरवर्डऐवजी पुट चालेल का' असा घालावा. बरेचदा बँका ते मान्य करतात, कारण त्यांना हप्ते हवे असतात, तुमचा वरचा नफा नको असतो.

ताळेबंदात हे कसं दिसतं?

भारतात इंड एएस १०९ हे लेखामानक लागू आहे. पुटच्या किमतीचे दोन भाग करतात, अंगभूत मूल्य (आत्ता वापरला तर मिळणारे पैसे) आणि वेळेचं मूल्य (उरलेला भाग). हेज म्हणून फक्त अंगभूत मूल्य नेमलं तर वेळेच्या मूल्यातले चढउतार थेट नफ्या-तोट्यात न जाता इतर सर्वसमावेशक उत्पन्नात जातात आणि माल विकला जाईल त्या काळात खर्चात येतात. जुन्या आयएएस ३९ मध्ये ते थेट नफ्या-तोट्यात आदळायचे. म्हणून त्या काळी पुटपेक्षा फॉरवर्ड आणि कॉलर हिशेबाला बरे दिसायचे.

एक अट कडक आहे: हेज म्हणून नेमणूक होते त्याच वेळी तिचं दस्तऐवजीकरण व्हायला हवं. मागच्या तारखेने ते करता येत नाही. आणि घेतलेल्यापेक्षा विकलेले ऑप्शन जास्त असतील तर हिशेबाची ही सवलत, म्हणजे हेज अकाउंटिंग, मिळतच नाही.

हट्टीसारख्या भारतीय खाणीला कॉमेक्सचा पुट पुरेसा आहे का?

नाही. कोलार २००१ मध्ये बंद झाल्यापासून देशातलं खाणीतलं सोनं मुख्यतः रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीतून येतं आणि ते भारतातच विकलं जातं. भारतातला भाव म्हणजे डॉलरमधला भाव, गुणिले रुपयाचा दर, अधिक आयात शुल्क. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आलं. त्या दिवशी इथला भाव दणकन उतरला. लंडनच्या भावाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. कॉमेक्सच्या पुटने त्या दिवशी एक पैसाही भरून दिला नसता.

शुल्क आणि रुपया दोन्ही धरायचे तर एमसीएक्स हे भारतातलं वायदे एक्स्चेंज. तिथे सोन्याचे ऑप्शन ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाले. लॉट, म्हणजे एक करार, एक किलोचा, भाव १० ग्रॅमचा. प्रीमियम ५०० रुपये दिसला तर लॉटला ५०० गुणिले १००, म्हणजे ५०,००० रुपये. ऑप्शन युरोपियन पद्धतीचे आहेत, मुदतीच्या दिवशीच वापरता येतात, आणि वापरले की वायद्यात रूपांतरित होतात. पुट नफ्यात संपला तर हातात विकलेला वायदा येतो आणि त्याला मार्जिन लागतं, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. मुदतीआधी विकून मोकळं होणं सोपं पडतं. अडचण अशी की लांबच्या महिन्यांत उलाढाल फार पातळ असते.

परदेशातल्या बाजारात सोन्याचं हेजिंग करायला भारतीय कंपन्यांना पूर्वी मनाई होती. डिसेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने गुजरातमधल्या गिफ्ट सिटीतल्या एक्स्चेंजवर ते करायला मोकळीक दिली आणि २०२४ मध्ये तिथल्या ओटीसी सौद्यांनाही.

गोव्याच्या लोहखनिजाला हेच तंत्र लावता येईल?

अर्धवट. सिंगापूरच्या एक्स्चेंजवर लोहखनिजाचे वायदे आणि ऑप्शन आहेत, लॉट १०० टनांचा, आणि अधिकृत डीलर बँकेमार्फत भारतीय निर्यातदाराला तिथे जाता येतं. पण तिथला मुख्य करार साठ टक्क्यांवर लोह असलेल्या मालाचा, चीनच्या बंदरात पोचलेल्या भावाचा. गोव्याचा बराचसा माल ५८ टक्क्यांच्या खालचा आणि मुरगावला चढणारा. चिनी गिरण्यांना उच्च प्रतीचा माल हवा असतो तेव्हा करारातल्या प्रतीचा भाव टिकून राहतो आणि कमी प्रतीवरची सूट मात्र वाढते. पुटला पैसे मिळत नाहीत आणि विक्रीही पडते. जहाजभाड्याचा फरक वेगळाच.

त्यातून मे २०२२ मध्ये कमी प्रतीच्या खनिजावरही ५० टक्के निर्यात शुल्क आलं, ते नोव्हेंबरात उठलं. अशा धोक्यावर कोणत्याही एक्स्चेंजवर पुट मिळत नाही. म्हणून इथे वर्षभराचे नव्हे, जहाज ठरल्यापासून पैसे येईपर्यंतच्या दोन-तीन महिन्यांचेच पुट घेणं शहाणपणाचं. आणि इथल्या खाणीने फॉरवर्ड किंवा कॉल विकण्याआधी २०१२ आणि २०१८ ही दोन वर्षं धोरणाच्या कागदात लिहून ठेवावीत.

फोंडा-म्हापशाच्या सराफाला याचा उपयोग?

आहे, कारण दुकानात पडून असलेला माल ही त्याची खाणच. भाव पडला तर त्याचंही नुकसान होतं. १०० ग्रॅमच्या गोल्ड मिनीवर पुट मिळतात. मात्र ग्राहकाकडून आगाऊ पैसे घेऊन भाव बांधून दिला असेल तर धोका उलटा होतो, तिथे कॉल घ्यायचा.

शेअर घेणाऱ्याने वार्षिक अहवालात काय पाहावं?

वित्तीय साधनांची टीप काढा आणि चार गोष्टी शोधा. दरवर्षी किती औंस बांधले आहेत आणि त्या वर्षाचं अंदाजित उत्पादन किती. विकलेले कॉल घेतलेल्या पुटपेक्षा जास्त आहेत का. भाव दहा टक्के वाढल्यास हेजच्या मूल्यात किती फरक पडतो, हा आकडा संवेदनशीलतेच्या तक्त्यात असतो, त्याची हातातल्या रोकडीशी तुलना करा. आणि मार्जिन मागण्याचा हक्क बँकांना कधी मिळतो, रेटिंग घसरल्यावर की ठरावीक रकमेनंतर.

शेवटची माहिती टिपेत बहुधा एका ओळीत, कर्जाच्या अटींबरोबर दिलेली असते. ती सापडली नाही तर भागधारकांच्या सभेत विचारा आणि उत्तर लेखी मागा.